अर्धी झाडलेली वाट

१४ नोव्हेंबर १९४८
तळ्याची बाग

चि. जोतीराम,

आशीर्वाद लिहितो. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

पत्र लिहू नका, असं तू बजावलंस त्याला येत्या गुढीपाडव्याला पाच वर्षं होतील. मी तो शब्द पाळला. आता मोडतोय, पण हौसेनं मोडत नाही, एवढं आधी समजून घे. पत्ता विट्याच्या आपल्या गुंडानं दिला. दिवाळीला तो घरी आला होता. कोइमतूरला त्यांच्या आळीतल्या माणसाच्या गलाईच्या दुकानात तू सोनं गाळतोस, मालक भला आहे आणि तू अंगानं वाळला आहेस, असं त्यानं सांगितलं. तुझ्या आईनं त्यातलं वाळलास एवढंच ऐकलं आणि दोन दिवस तेच धरून बसली.

"लिवा त्येला. पर भांडू नगा," असं आत्ताही ती चुलीपाशी बसून बजावते आहे. भांडायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे. किती ओळी जमतं बघू.

मंगळवारी रायगोंडाची आई आली होती, चंदनबालाआक्का. मिरजेच्या बोर्डिंगातून तुम्ही दोघं सुट्टीला इथं यायचात, तेव्हा ती एकदा त्याला न्यायला आली होती, तेवढीच आमची ओळख. आता केस पार पांढरे झालेत. फाटकाशी उभी राहिली, आत येईना. आत या म्हटलं तर म्हणाली, "आत याचं तर हायच. पर आज न्हाई. आज इचारायला आलीया."

त्यांच्या गावात रायगोंडाच्या नावाचा दगड उभा राहतो आहे. सव्वीस जानेवारीला पुढारी बोलावून उघडायचा आहे. रायगोंडाचा चुलता धन्यकुमार त्यात पुढं आहे. पाथरवटाला द्यायचा मजकूर त्यानंच लिहिला. आक्कानं तो कागद कमरेच्या पिशवीतून काढून मला वाचायला दिला. रायगोंडाचं नाव, गावाचं नाव, तारीख, आणि खाली ओळ अशी: मित्राच्या फितुरीने पोलिसांच्या गोळीस बळी पडला.

"दगडावर नाव न्हाई माळीदादा, मित्र म्हनूनच लिवलंय," ती म्हणाली. "पर गावात ल्हान पोरास्नी बी ठावं हाय कोन मित्र त्ये. दोगं बागंत शिरली, एक मेला नि एक सुटला. सुटला त्येनंच सांगितलं, आसं म्हनत्यात. तुमच्या पोरानं क्येलं का न्हाई, तेवढं मला सांगा. दगड खोदायच्या आदी सांगा."

"न्हाई आक्का," मी म्हणालो. "त्येनं न्हाई क्येलं."

"मग कुनी?"

मी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. तिनं तो पिशवीत ठेवला. मग म्हणाली, मला ती जागा दाखवा. तो गेला त्याच वेळेला, सकाळी. तो मार्गशीर्षात गेला, म्हणून मी मार्गशीर्षात या म्हणालो.

तेव्हा आता ऐक. तू मला फितूर समजतोस. त्यांचं गाव तुला फितूर समजतं. माझं ठीक आहे, माझी साठी उलटली. पण ती ओळ एकदा दगडात खोदली की तुझ्या नातवंडांनाही पुसता येणार नाही. तू स्वतः ये. सव्वीस जानेवारीच्या आत ये आणि आक्कासमोर उभा राहून सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर ती विश्वास ठेवील असं मला वाटतं.

माझ्याशी बोलायची सक्ती नाही. आईच्या हातचं जेव आणि जा.

तुझा बाप,
कोंडीबा

५ डिसेंबर १९४८

चि. जोतीराम,

पत्र रजिस्टर केलं होतं. पोचपावती आली, तिच्यावर तुझीच सही आहे. ज चं शेपूट अजून तसंच लांब काढतोस. म्हणजे पत्र मिळालं आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंस. ठीक. मीही हट्टी आहे, आणि तो हट्ट तुला कुठून आला हे तुझी आई रोज सांगते.

गुंडानं तुला बागेचं सांगितलं असेल नसेल, म्हणून लिहितो. मार्चात संस्थान विलीन झालं. राणीसाहेब पुण्याला राहायला गेल्या. बाग सरकारच्या यादीत आहे म्हणतात, पण कुठल्या खात्याच्या यादीत ते कुणालाच माहीत नाही. अकरा माळ्यांचे आम्ही दोघं उरलो होतो, श्रावणापासून मी एकटाच. फाटकाची एक झडप पडली, ती मी तारेनं बांधली आहे. 'फुले तोडू नयेत' ही पाटी अजून उभी आहे, पण तोडायला फुलंच नाहीत आणि तोडणारंही कुणी फिरकत नाही. सगळं गाव मैलभरावर आहे, पण तळ्यावर चिटपाखरू येत नाही. म्हशी तेवढ्या येतात. पूर्वी रविवारी सांगलीहून मोटारी यायच्या, हे आता मलाच खरं वाटत नाही. पाणकणसानं अर्धं तळं खाल्लं. होडीघराचं छप्पर बसलं. फर्नघराच्या काचा पोरांनी फोडल्या, मी नुसता बघत राहिलो.

तळ्याभोवतीची वाट मात्र मी अजून करतो. का करतो विचारू नको. संध्याकाळी फाटक लागलं की मुरुम सपाट करायला वाटेवर फळी ओढायची, सकाळी पाला झाडून पुन्हा फळी, हा थोरल्या राणीसाहेबांचा नियम होता. सकाळच्या फेरीला त्यांच्या आधी कुणाचं पाऊल वाटेवर दिसता कामा नये. तांबड्या मुरुमावर फळी अशी बसायची की मांजर गेलं तरी ठसा दिसावा. फळीला वजन हवं म्हणून तुला वर बसवून मी दोर ओढायचो. तू मोठा झालास आणि दोर ओढायला लागलास, तेव्हा वर मी धोंडा ठेवला आणि तो तुझ्याइतका बडबड करत नाही म्हणून तुला चिडवलं होतं. या वाटेचा फार ताठा होता मला. तुम्हां दोघांचा घात त्या ताठ्यानंच केला.

त्या सकाळी तुम्ही मागच्या भिंतीवरून उड्या टाकल्यात, त्या या वाटेवर. दोन्ही बाजूंना मेंदीचं दाट कुंपण. वाट सोडून चालायला जागाच नव्हती. तू डाव्या अंगानं होडीघराकडं गेलास, तो उजव्या अंगानं फर्नघराकडं. दोघं एका जागी नको, हा शहाणपणा कुणाचा ते मला माहीत नाही. आदल्या संध्याकाळी मी फळी मारली नसती तर मुरुमावर दिवसभराच्या शंभर पावलांत तुमची चार मिसळून गेली असती. मला कुठं ठाऊक होतं तुम्ही येणार म्हणून!

हे तुला नवीन नाही. तुझं म्हणणं वेगळं आहे. फाटकाची किल्ली माझ्याकडं, फौजदाराला आत मी घेतलं, आणि त्याच पाडव्याला दरबारात मला शाल मिळाली. 'शाल पांघरा, मला पत्र लिहू नका,' ही तुझी ओळ मला पाठ आहे. शाल गुलाबांच्या प्रदर्शनाची होती. किल्ली मागितल्यावर मी दिली, कारण दिली नसती तर त्यांनी फाटक तोडलं असतं. पण खबर मी दिली नाही. शिपायानं कुणाला तरी भिंतीवरून आत जाताना पाहिलं होतं, एवढीच खबर होती. तुझ्या आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो.

हे तेव्हाच का लिहिलं नाही, असं तुझ्या मनात येईल. त्याला कारण आहे. ते आज लिहीत नाही.

आक्काचा निरोप आलाय. एकोणीस तारखेला ती येणार. तू तोवर पोचलास तर बरं होईल.

कोंडीबा

२० डिसेंबर १९४८

चि. जोतीराम,

तू आला नाहीस. आक्का काल येऊन गेली.

मी जे कधी लिहिणार नव्हतो ते आता लिहावं लागणार आहे, कारण ते आता दोन बायकांना माहीत झालंय. तुला तिसऱ्याकडून कळू नये.

पहाटे धुकं होतं. बैलगाडीनं आली. गाडी धन्यकुमार हाकत होता. तो फाटकाबाहेरच थांबला, रामराम केला तर मान वळवली. आक्का एकटी आत आली. पायांत काही नव्हतं. तुझी आई तिला धरून चालायला पुढं झाली तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मला चालू द्या." म्हणून तुझी आई दोन पावलं मागून आणि मी पुढं, अशी आमची वरात निघाली. पाटी वाचायला ती थांबली. म्हणाली, "हितं मानसं येत हुती व्हय?" मी हो म्हणालो. मला उगाचच लाज वाटली.

मागच्या भिंतीशी गेलो. कुठून उडी मारली ते दाखवलं. मग उजव्या अंगानं फर्नघर. आत आता फुटक्या कुंड्या आणि काचा आहेत. ती दारात उभी राहून एकेक कोपरा बघत होती. मग तिनं विचारलं, "आदल्या दिशी त्येनं काय खाल्लं हुतं?"

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.

"जैनाचं पोर त्यो, दिस बुडल्यावर खाईत नव्हता," ती म्हणाली. "चळवळीत गेला, पिस्तूल घेतलं, समदं सोडलं, पर त्येवढं न्हाई सोडलं. म्हंजी रातभर चालून उपाशीच आला आसंल. तुमच्या पोरानं आदी खाऊन घेटलं आसंल का वो?"

हे विचारताना तिच्या आवाजात तुझ्याबद्दल राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं. तिला फक्त तुझ्याकडूनच कळण्यासारख्या अशा शंभर गोष्टी आहेत आणि तू तिकडं बसला आहेस.

पुढं घाटाच्या पायऱ्या. फौजदाराची माणसं फर्नघराला वळसा घालून आली तेव्हा रायगोंडा मागच्या खिडकीतून निघून इथं धावला. पोहून पलीकडं जायचा विचार असेल. तिसऱ्या पायरीवर त्याला गोळी लागली. पाणी आता खाली गेलंय, पायऱ्या उघड्या पडल्यात. आक्का तिसऱ्या पायरीवर बसली. पदरानं ती पायरी पुसली, सगळी, कडेपासून कडेपर्यंत. सूर्य सुरूच्या झाडांवर आला तरी ती बसून होती. तुझ्या आईनं तोंडाला पदर लावला होता.

मग ती म्हणाली, "दाखवलंसा. आता सांगा. फर्नघरात हाय हे त्यास्नी कसं कळलं? सरळ तितंच कशी गेली ती?"

मी म्हणालो, "वाटंवर पावलं हुती आक्का."

"मग तुमच्या पोराची बी आसतील की. ती न्हाई दिसली?"

जोतीराम, इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तूसुद्धा नाही. मी त्या बाईकडं बघितलं आणि मला वाटलं, हिला येतानाच माहीत होतं.

तेव्हा मी सांगितलं. त्या दिवशी उजाडता उजाडता एक शिपाई फाटकाशी आला. एक माणूस आत शिरलाय, फौजदारसाहेब येईपर्यंत कुणाला सोडू नका, म्हणाला आणि बाहेर बसला. मी माझं रोजचं काम म्हणून झाडू आणि फळी घेऊन निघालो. मागच्या भिंतीशी जाऊन बघतो तर पावलांच्या दोन रांगा. डावीकडच्या रांगेत अनवाणी पाय, डाव्या पायाचा अंगठा नसलेला. तो अंगठा खुरप्यानं गेला तेव्हा तुला खांद्यावर टाकून मिरजेला नेणारा मीच होतो. उजवीकडं नाल ठोकलेल्या चपला. त्याही मी ओळखल्या. सुट्टीत त्या माझ्या ओट्याखाली काढलेल्या असायच्या.

मी डावीकडची वाट झाडली आणि फळी मारली. भिंतीपासून होडीघरापर्यंत. उजवीकडची तशीच ठेवली.

तुला हे कळू नये म्हणून मी तुझी शिवी खाल्ली. खबर दिली नाही असं तेव्हाच लिहिलं असतं, तर तू विचारलं असतंस, 'मग मी कसा वाचलो?' मी फितूर आहे असं समजून तू जगणं मला परवडत होतं. रायगोंडाच्या पावलांवर तू वाचलास हे कळून तुझं काय होईल, त्याची मला भीती वाटली. अजून वाटते.

आक्कानं पायरी पुसलेला पदर खांद्यावर घेतला. मग विचारलं, "दुसरी का न्हाई पुसली?"

मी म्हणालो, "येळच न्हाई घावला आक्का. अर्धी वाट झाली आन् फौजदाराची मोटार आली."

ती उठली. तुझी आई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली, स्वच्छ फडक्यानं गाळलेलं पाणी होतं, पण तिनं हातानंच नको म्हटलं. फाटकाकडं चालू लागली. तिथं पोचल्यावर माझ्याकडं वळून बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो.

"पर्युसन झालं का आमी समद्यांची क्षमा मागतो, समद्यांस्नी क्षमा करतो. पाच वर्सं मी त्या फौजदाराला बी क्षमा केली. तोंडानं का व्हईना, केली. तुमचं नाव मला ठावं नव्हतं. आता ठावं झालं. येत्या पर्युसनात तुमचं नाव घ्येता याचं न्हाई मला. त्येच्या म्होरल्या वर्सी बघीन. पर येळ न्हवता म्हंता, तर पोटच्या पोराचं आदी पुसलं, हे मी समजू शकते."

मग गाडीशी जाऊन धन्यकुमारला म्हणाली, "ती वळ काडा. पोरानं न्हाई क्येलं." तो काही बोलायला लागला तर तिनं आवाज चढवला, "काडा म्हंते न्हवं!"

तेव्हा दगडावर तुझा कलंक राहिला नाही. माझं काम झालं असं मला वाटायला हवं होतं.

तुझी आई काल सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पाणी ठेवते आणि पाठ करून बसते. इतकी वर्षं एका घरात राहून तिच्यापासून हे लपवलं त्याचा राग असेल. मी समजूत काढायला गेलो तर उठून विहिरीवर गेली.

आता तुला सगळं कळलं. शिव्या द्यायच्या तर दे, पण या खेपेला पत्रात घालून दे.

कोंडीबा

४ जानेवारी १९४९

चि. जोतीराम,

तुझं कार्ड काल मिळालं. पाच वर्षांनी तुझं अक्षर हातात आलं आणि मजकूर दोन ओळींचा. पोस्टमननं तो आधीच वाचला होता, पण त्याला काही कळलं नसणार.

तू लिहितोस: होडीखाली पडल्या पडल्या फळीचा आवाज मी ऐकत होतो. तो थांबल्यावर गोळी लगेच झाली नव्हती. आबा, वेळ किती होता?

तू त्या फळीवर बसून वाढलास हे मी विसरलो. अर्ध्या वाटेला पाव तास लागतो हे आक्काला माहीत नाही, तुला आहे.

तासभर होता.

मी फळीला दोर लावला तेव्हा वाड्यावर सातचा टोल पडत होता. होडीघराशी पोचलो, छपराखाली वाकून तुला 'हलू नको' म्हणालो, ते तुला आठवत असेल. परत मागच्या भिंतीशी आलो तेव्हा साडेसातही झाले नव्हते. फौजदाराची मोटार आली ती आठच्या टोलानंतर. उजवी वाटही मी दोनदा झाडू शकलो असतो. वाट राहू दे, फर्नघर तिथून दोनशे पावलं. जाऊन त्या पोराला म्हणू शकलो असतो की बाबा, ऊठ, सुरूच्या बाजूनं पाण्यात उतर आणि पोहत जा, फाटकाशी एकच शिपाई आहे. तो पट्टीचा पोहणारा होता. निम्म्या वेळात पलीकडं गेला असता.

मी भिंतीशी उभा राहून विचार केला, घाई काहीच नव्हती. शिपायानं एक माणूस पाहिला होता, दोन नाही. सगळी वाट कोरी दिसली असती तर त्यांनी सगळी बाग पालथी घातली असती, होडीघर आणि होडीसुद्धा. तो पोहून गेला असता आणि तुला त्यांनी धरलं असतं. त्यांना एक माणूस हवा होता. एक मिळाला की ते परत जाणार हे मला कळत होतं. म्हणून मी त्यांना रायगोंडा दिला. फौजदाराला तोंडानं सांगितलं नाही, एवढाच फरक. तेव्हा तू मला जे म्हणाला होतास ते बरोबर होतं. माहिती चुकीची होती, पण म्हणणं बरोबर होतं.

नंतर मी फळी भिंतीला टेकवली, हात धुतले आणि घरी येऊन चहा मागितला. तुझ्या आईनं केला. ओट्यावर बसून मी तो सावकाश प्यालो, आणखी घोटभर मागितला, आणि मोटारीचा आवाज आला तेव्हा कप खाली ठेवून किल्ली घ्यायला उठलो.

काल तुझं कार्ड वाचलं आणि मला कळलं की घाटावर मी 'येळच न्हाई घावला' म्हणालो तेव्हा तुझी आई माझ्याकडं एकटक का बघत होती. वाट झाडल्याचा तिला राग नाही. तो चहा तिनं केला होता. तिच्यादेखत मी त्या आईला खोटं सांगितलं, आणि त्या खोट्यावर आक्कानं मला निम्मं माफ केलं.

मी आक्काकडं जाऊन हे सांगणार आहे. दगड अजून खोदायचा आहे. ती काढलेली ओळ पुन्हा घालायची तर मित्राच्या जागी माझं नाव घाला, कोंडीबा माळी, तळ्याची बाग, असं धन्यकुमारला सांगेन. त्यांचं गाव काय करील ते करो. मी त्याला भीत नाही, असं लिहिलं असतं, पण आता खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो, भितो.

आणि एक तुला सांगतो. तुझ्यावर यातलं काही नाही. तू पालथ्या होडीखाली होतास. तुला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, म्हणूनच विचारलं नाही. पुन्हा तशी सकाळ आली तर मी काय करीन, तेही मला माहीत आहे. ते आक्काला सांगायचं धाडस होईल की नाही, ते सांगता येत नाही.

काल कार्ड आल्यावर ते मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. मग म्हटलं, गुरुवारी आक्काच्या गावी जातो, एकटाच जातो. तिनं पीठ मळायचं थांबवलं. एकोणीस तारखेनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मी बी येते," म्हणाली. "एकलं गेला तर तुमी पुन्ना खोटं बोलशिला."

गुरुवारी सकाळच्या मोटारीनं आम्ही दोघं निघतोय.

तुझा बाप,
कोंडीबा